सुशीलाक्कांचे मालक

मंडळी, आज मी सूड उगवला आणि दोन घास जास्त जेवले.

मी वडगावच्या विणकर बायकांचा इतिहास लिहिते. तिथल्या विणकर सोसायटीनं गेल्या वर्षी स्मरणिकेसाठी माझ्याकडून संपाचा जुना फोटो नेला. फोटोत सगळ्या बायका, मधोमध एकच पुरुष, आताच्या चेअरमनचे वडील. खाली त्यांचं नाव छापलं आणि पुढं "व महिला वर्ग". बायकांची नावं मी दिली होती. चेअरमन म्हणाले, "जागा नव्हती हो मॅडम."

आज माझं पुस्तक आलं. त्यात तोच फोटो आहे. नावं सांगितली चेअरमनच्याच आईनं, सुशीलाक्कांनी. एकेकीचं नाव माहेरच्या आडनावासकट! नवऱ्यावर बोट ठेवून मात्र म्हणाल्या, "ह्ये आमचं मालक. नाव न्हाय घेत गं मी."

मग मीही नाही घेतलं. सगळ्या बायकांची नावं छापली, शेवटी "व सुशीलाक्कांचे मालक".

दुपारी चेअरमनचा फोन. "आप्पांचं नाव कुठाय? आईला विचारायचं की!"

"विचारलं होतं. तुम्ही विचारून बघा."

मागून आक्कांचा आवाज आला, "जल्मात घेतलं न्हाय, आता घेऊ व्हय रं?"

तुमच्या घरच्या जुन्या फोटोत कोण कोण "महिला वर्ग" होऊन बसलंय? नावं खाली लिहा. इथं जागा भरपूर आहे.