तेलाविना उडणारं विमान

देवमन नागपूरच्या विमानतळावर सामान उचलायला होता, एवढंच खरं. बाकी सगळ्या त्याच्या थापा. मालेगावजवळच्या आपल्या गावी परतल्यावर तो चहाच्या टपरीवर सांगायचा, फौजेकडं एक गुप्त विमान आहे. त्याला ना पंखा, ना शेपूट. तेल लागत नाही, पाऱ्याच्या वाफेवर उडतं. धूर नाही, आवाज नाही. "तू पाह्यलं काय?" असं कुणी विचारलं की म्हणायचा, "पाह्यलं असतं त सायबानं मले घरी येऊ देल्लं असतं काय?" लोक हसायचे आणि आणखी एक कप पाजायचे. इथवर कुणाचं काही बिघडलं नव्हतं.

एकाहत्तरच्या लढाईत गावातल्या रंगूबाईचा फौजेतला लेक जगदेव बेपत्ता झाला. पूर्वेकडच्या नदीत नाव बुडाली, प्रेत सापडलं नाही, असं पलटणीनं कळवलं. म्हातारीनं अन्नपाणी सोडलं. देवमनला ते पाहवेना. तिच्या ओसरीवर बसून तो हळूच म्हणाला, "माय, जगदेव जित्ता हाये. त्याले त्या इमानाच्या कामावर घेतलं. तिथून चिठ्ठी धाडू देत नाहीत. पन तू कोनाले बोलू नोको."

म्हातारी त्या दिवशी भाकर जेवली. आपल्या पदरात पुण्य पडलं असं देवमनला वाटलं.

आखाजीच्या सणाला घरच्या मेलेल्यांच्या नावानं पाण्याची घागर भरतात. रंगूबाईनं सासऱ्याची भरली, नवऱ्याची भरली, जगदेवची काही भरू दिली नाही. घागर नाही म्हणजे जगदेव जिवंत, आणि नवरा जिवंत तर सुनेचा पाट, म्हणजे दुसरं लग्न, कसा लागणार? सून गोमती ऐन बाविशीची. तिचा बाप पुंजाजी कामरगावाहून चांगलं स्थळ घेऊन आला, तिच्याही मनात होतं. रंगूबाईनं साफ सांगितलं, "माह्या लेकाची बायको हाये. लेक आल्यावर त्याले काय सांगू?"

हे कानावर आलं आणि देवमनच्या तोंडचं पाणी पळालं. टपरी सुटली, जेवण गोड लागेना. एका थापेपायी आपण त्या पोरीचा जन्म नासवला, हे त्याला आतून खात होतं. शेवटी पुंजाजी ओसरीवर बसलेला असतानाच तो गेला आणि म्हातारीच्या पायाशी बसला.

"माय, म्या खोटं बोललो. असं इमानच नाही. जगदेव गेला. मले माफ कर."

रंगूबाईनं एकदा पुंजाजीकडं पाहिलं. मग वाकून देवमनच्या कानाशी म्हणाली, "समजलं मले. चार लोकायसमोर बोलाची मनाई असन तुले."

"नाही वो माय, माह्या लेकरायची आन!"

"आन कायले घेतं? म्या कोनाले सांगतलं नाही अजून." आणि ती चक्क हसली.

देवमन रडतच अंगणात आला. दाराआडून सारं ऐकलेली गोमती मागून आली. तिच्या आवाजात राग नव्हता, त्यानं त्याला जास्तच लागलं.

"काका, मायले तुमचं खरं पटत नाही. मंग आखीन येक खोटं सांगा. थे इमान पडलं म्हना."

देवमन मागं वळला. ओसरीवर म्हातारी लेकाची खबर ऐकायला त्याच्याकडंच डोळे लावून बसली होती, आणि तिच्या लेकाला मारायचं काम आता त्यालाच करायचं होतं.