मटारची शेंग

हाडांच्या दवाखान्यात नंबर यायला वेळ लागतो, म्हणून मी विणकाम सोबत नेते. माझ्या पावलाच्या हाडाला नुसती चीर गेली होती, प्लास्टरवर भागलं. शेजारी बसलेल्या शिंपीकाकांचं उजवं मनगट मात्र दोन ठिकाणी मोडलं होतं. आत प्लेट आणि स्क्रू बसवले होते. हाड आता जुळलं होतं, तरी काका तो हात तान्ह्या बाळासारखा छातीशी धरून होते.

सोबत आलेल्या काकूंनी पिशवीतल्या मटारच्या शेंगा काकांच्या मांडीवर ओतल्या.

"घरी सोलतो की."

"घरी तुम्ही डाव्या हाताने सोलता. बघते मी."

"अंगठा दाबला जात नाही गं. कात्री कशी धरणार मी?"

"कात्री कोण मागतंय आत्ता? शेंग धरा."

हाड आपलं आपण जुळतं. प्लास्टर काय नि प्लेट काय, त्याला हलू न देण्याची ती सोय. पण न हलणं हात इतकं मनापासून शिकतो की पुढे त्याला कुणीतरी हट्टाने हलवावं लागतं. दुखावलेल्या माणसांना आपण जपतो खरे, पण बरेचदा जपण्यापाशीच थांबतो.

दोन-तीन शेंगा निसटल्या. मग एक फुटली आणि दाणे फरशीवर घरंगळले. काकू वाकून ते वेचू लागल्या.

त्यांची पाठ वळलेली असताना काकांनी पुढची शेंग उचलली, उजव्या हाताने.