गाडीचा दसरा काढला

मिरजगावला माझ्या चुलत्यांच्या ट्रॅक्टर शेडमध्ये परदेशी स्पोर्ट्स कार उभी आहे, हे पुण्यातल्या मित्रांना कधी पटलं नाही. दोनच सीट, लांब नाक, फिकट पडलेला लाल रंग. चुलते पुण्यात ज्या शेठकडे ड्रायव्हर होते, त्याने ती त्यांना निवृत्तीच्या वेळी देऊन टाकली. गावाने तिला बिनकामाची ठरवलं. तिच्यातून ना कडबा आणता येई, ना वऱ्हाड नेता येई. चुलते मात्र पहाटे तिला हायवेवर काढायचे आणि मी गेलो की शेजारी बसवायचे. वरचा गिअर पडला की त्यांची पाठदुखी कुठल्या कुठे पळायची.

गाडीवर कंपनीतून निघतानाचाच रंग होता. जुन्या गाड्या जमवणारे त्यालाच मोल देतात, नवा चकचकीत रंग दिसला की तोंड फिरवतात, हे चुलत्यांना चांगलं ठाऊक होतं. विकायची त्यांना नव्हतीच. पुण्याच्या जुन्या गाड्यांच्या मेळाव्यात ती अस्सल म्हणून एकदा उभी राहावी, एवढीच हौस. खूप खटपट करून मी तिथल्या एका जाणकाराला गाडी बघायला यायला राजी केलं.

त्याआधी चुलते मोतीबिंदूच्या ऑपरेशनला नगरला गेले. इकडे नवरात्र तोंडावर, म्हणून चुलतीने दसरा काढला. गोधड्या धुतल्या, डबे घासले, भिंतींना चुना दिला. पुण्याचा पाहुणा येणार आणि गाडीला हे असे पोपडे, म्हणून तिने टेम्पो रंगवणाऱ्यालाही बोलावलं. त्याने जुना रंग पार पत्र्यापर्यंत खरवडला आणि भडक लाल मारला.

चुलत्यांना घेऊन मीच परतलो. शेडपाशी ते थबकले. चुलती पदराला हात पुसत त्यांच्या तोंडाकडे बघत होती.

"लई झाक केलंस," ते म्हणाले.

मला तिचा इतका राग आला, की त्या रागाचीच लाज वाटली. चुलत्यांना बाजूला घेऊन म्हटलं, निदान तिला कळू तरी द्या. त्यांनी नकारार्थी मान हलवली.

"सांगितलं आसतं तर हातबी लावला नसता तिनं. मीच कदी सांगितलं न्हाई."

पाहुणा आला तेव्हा चुलत्यांनी त्याला फाट्यावरच गाठून सगळं सांगितलं, आणि घरात काही बोलू नका अशी विनंती केली. भला माणूस. त्याने चहा घेतला, चुलतीपाशी रंगाचं कौतुक केलं आणि गेला. त्यानंतर चुलत्यांनी गाडी क्वचितच बाहेर काढली. पुढच्या उन्हाळ्यात ते गेले.

आता खंडेनवमीला चुलती एकटीच गाडीला हळदकुंकू वाहते. यंदा तिने विचारलं, पाहुण्यांना रंग एवढा आवडला, मग गाडी पुण्याला का नेली नाही? मी म्हटलं, चुलत्यांनीच पाठवली नाही.

"माजा हात लागला ना तिला," ती म्हणाली, "म्हून ठिवली आसंल घरी."

मी व्हय म्हणालो.