डावीकडचा लाल रुमाल

...तर पोस्टमन न्हाव्याने अर्धेच कापलेले केस घेऊन तसाच गावभर टपाल वाटून आला, इथवर काल सांगून झालं. उजवीकडून साहेब, डावीकडून साधू! गाव पोट धरून हसलं. न्हाव्याला मात्र हसण्यासारखं काय घडलं तेच कळेना. त्याच्या मते कटिंग झकास झाली होती.

दवाखान्यातून घरी येऊन त्याला आठवडाच झाला होता. मेंदूत गुठळी अडकली होती. पण हातपाय वाचले, जीभ वाचली. मग बिघडलं काय? जेवताना ताटातली डावीकडची भाजी तशीच राही आणि हा बायकोवर डाफरे, "भाजी वाढायची विसरलीस!" ती गुपचूप ताट फिरवी. "आता ही कुठून आली?" म्हणून हा ताटाखाली डोकावे.

शेवटी बायकोने त्याला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. टेबलावर प्लॅस्टिकचा मेंदू होता. बाई एकेक तुकडा सुटा करून सांगू लागल्या. कपाळामागचा भाग बेत आखतो. कानाजवळचा ऐकतो, आठवणी सांभाळतो. खाली मागे लहान मेंदू, तो तोल राखतो. आणि पार मागचा भाग बघतो.

"मागचा?" न्हावी खुर्चीतून अर्धा उठला. "डोळे पुढे आणि बघणारा मागे? म्हणजे चाळीस वर्षं मी लोकांच्या नजरेवरून मशीन फिरवतोय?"

"तुमची नजर शाबूत आहे. बिघाड इथे, उजवीकडे वरच्या बाजूला. त्यामुळे डावीकडे लक्षच जात नाही."

"उजवीकडे बिघडलं, तर डावीकडचं का जातं?"

"उजवा मेंदू डाव्या बाजूचं काम बघतो."

"बाई, चाळीस वर्षं डोकी हाताळली, पण आत असा सावळागोंधळ असेल असं वाटलं नव्हतं!"

बायकोला हसू आलं नाही. दुकानाची किल्ली तिने पदरात बांधली होती. "एकच संधी. पोस्टमनचंच डोकं. या वेळी अर्धं राहिलं, तर दुकानाला कायमचं कुलूप."

पोस्टमन बिचारा पुन्हा बसला. बायकोने खुर्चीच्या डाव्या हाताला लाल रुमाल बांधला. बाईंनीच सुचवलं होतं: खुर्चीच्या पाठीवरून हात सरकवत जायचं, रुमाल दिसेपर्यंत थांबायचं नाही.

कात्री चालू झाली. उजवी बाजू झाली. न्हाव्याने सवयीने कापड झटकलं, मग दचकून थांबला. आरशात तर सगळं ठीक होतं. मग बायको दारात अशी श्वास रोखून का उभी? त्याने खुर्चीची पाठ धरली आणि हात सरकवू लागला.

पोस्टमनने विचारलं, "काय हो, झालं का?"

न्हावी म्हणाला, "माझ्या डोक्याला विचाराल तर केव्हाच झालं. पण ते हल्ली अर्ध्यातच 'झालं' म्हणतं, तेव्हा उठू नका. आधी मला तो लाल रुमाल सापडू द्या."