दामूदादाचा घाणा

गॅरेजमधले किस्से कुणी मुद्दाम जपून ठेवत नाही. जुने स्पार्क प्लग कोपऱ्यातल्या डब्यात पडत राहतात, तसे तेही पडत राहतात. मग एक दिवस कुणीतरी डबा हलवायला जातो आणि तो जागचा हलत नाही! आमच्या दामूदादाच्या गॅरेजचं तसंच झालंय. एक सांगायला घेतला की त्याच्या मागून चार येतात.

गॅरेज खालापूरजवळ, मुंबई-पुणे रस्त्याला लागून. एक्सप्रेसवे तेव्हा कुणाच्या स्वप्नातही नव्हता. मालक दामूदादा ठोंबरे. मी खालापूरच्या कचेरीत टायपिस्ट होतो. कचेरी सुटली की माझी सायकल आपोआप गॅरेजकडे वळायची. माझं तिथं काम काय? काही नाही. पण रोज हजर!

आमचा तिसरा भिडू गायकवाड. भिवपुरीच्या वीजकेंद्रात इलेक्ट्रिशियन. आणि चौथा रत्ना, चौकजवळच्या भातशेतीवाल्या घरातला पोरगा. आठवडाभर कारखान्यात शिफ्ट करायचा आणि रविवारी मोटरसायकलवर बसला की पुन्हा जमिनीवर यायचं नाव नाही. मुंबईच्या बाजूला एका जुन्या विमानपट्टीवर तेव्हा मोटरसायकलींच्या शर्यती व्हायच्या. रत्नाला त्यात उतरायचं होतं. गाडी साडेतीनशेची टू-स्ट्रोक, जुनी. ती जोरात पळवायची जबाबदारी दामूदादाची.

आता, गाडी ट्यून केल्यावर ती खरंच जोरात झाली, की नुसती बोंबलायला लागली, हे कळायचं कसं? रस्त्यावर ट्रक. घाटात त्याहून जास्त ट्रक. दामूदादा वैतागला होता.

गायकवाड म्हणाला, "रस्ता इथंच आणू. गाडी उभी राहील, रस्ता फिरेल!"

आणि त्यानं खरंच तसं केलं. एका बंद पडलेल्या भातगिरणीचा जाड लोखंडी रूळ आणला, तो गॅरेजमागच्या शेडमध्ये जमिनीत बसवला. गाडीचं मागचं चाक त्या रुळावर. रूळ पट्ट्यानं एका जुन्या डायनामोला जोडलेला. डायनामोची वीज जाणार भिंतीवरच्या बल्बांच्या रांगेत आणि मिठाच्या पाण्यानं भरलेल्या एका पिंपात. गाडीत दम जास्त, तर बल्ब जास्त पेटणार आणि पिंप लवकर उकळणार. गायकवाड मीटर बघून हिशेब करायचा आणि किती घोड्यांची ताकद ते सांगायचा.

आजूबाजूच्या लोकांनी बघितलं, गाडी जुंपलेली आहे, चाक गरगरा फिरतंय आणि गाडी आहे तिथंच आहे. त्यांनी एका दिवसात नाव ठेवलं, "दामूचा घाणा!"

* * *

घाण्याची कीर्ती माथेरानपर्यंत गेली. एक दिवस तिथला एक घोडेवाला हातगाडीच्या चाकाची लोखंडी धाव वेल्डिंग करायला आमच्याकडे आला. त्यानं ऐकलं होतं की इथं घोडे मोजतात.

त्यानं रत्नाच्या गाडीकडे बोट दाखवलं. "हिच्यात किती?"

"अठरा," गायकवाड म्हणाला.

घोडेवाल्यानं गाडीला एक चक्कर मारली. वाकून खालून बघितलं. "अठरा घोडे हायेत, आन लीद कुठं हाय?"

आम्ही हसलो. दामूदादा हसला नाही. त्यानं शांतपणे रत्नाच्या गाडीचा सायलेन्सर सोडवला, कागद पसरला आणि सायलेन्सर उलटा धरून ठोकला. आतून काळ्याकुट्ट, तेलकट काजळीचा हा एवढा ढीग पडला.

"ही घ्या. सा महिन्याची हाय!"

घोडेवाल्यानं काजळी चिमटीत घेतली, वास घेतला आणि गंभीरपणे म्हणाला, "चारा बदला."

दामूदादानं दुसऱ्या दिवशी पेट्रोलमधलं ऑइल कमी केलं. घाण्यावर दोन बल्ब वाढले!

* * *

मुंबईहून एक साहेब आले होते. त्यांच्या गाडीला परदेशातून मागवलेला सायलेन्सर होता. पोट फुगलेला, चकचकीत. घाण्यावर गाडी घातली तर रत्नाच्या गाडीपेक्षा तीन बल्ब कमी.

साहेबांनी पुन्हा चालवायला लावली. पुन्हा तीन कमी.

साहेब बल्बांच्या रांगेकडे बराच वेळ बघत राहिले. मग दामूदादाला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "हे बल्ब लोकल आहेत ना? माझ्या गाडीला जरा चांगल्या कंपनीचे लावून बघा!"

* * *

एकदा शेजारच्या वाडीत गोरज मुहूर्ताचं लग्न होतं. ऐन तयारीत लाइट गेली. मुलीचा बाप धावत गॅरेजवर आला. "दामू, तुज्या घाण्यावर दिवे लागतात ना रं?"

वाडी गॅरेजच्या पाठीमागेच. गायकवाडनं वायर ओढली, मांडवात बल्ब टांगले. रत्ना गाडीवर बसला, तिसरा गिअर टाकला. मांडव लख्ख!

अडचण एकच. रत्नाला ॲक्सिलरेटरची मूठ जराही हलवता येईना. सोडली की मांडवात अंधार, पिळली की बल्ब पांढरेफटक. मंगलाष्टकं चालू असताना त्याला शिंक आली. एका क्षणात मांडवातले दोन बल्ब फुटले. भटजी थांबले, पुढची ओळ विसरले आणि मागचीच पुन्हा म्हणाले.

जेवणाच्या पंगती बसल्या. रत्ना तसाच. तेव्हा नवरीची आत्या मांडवातून ओरडली, "अगं, दिव्याला वाढलं का कुणी?"

मग एक बाई ताट घेऊन शेडमध्ये आली आणि तिनं रत्नाला घास भरवले. बुंदीसुद्धा. वाडीतली माणसं त्यानंतर कित्येक वर्षं त्याला 'दिवा' म्हणूनच हाक मारायची.

* * *

पहिल्या शर्यतीसाठी दामूदादानं गाडी पंधरा दिवस ट्यून केली. दुपारी, कडक उन्हात. कार्ब्युरेटरमधलं पेट्रोल सोडणारं भोक, म्हणजे जेट, बारीक करत करत अगदी टोकाला आणला. शेवटच्या दिवशी सगळी रांग पेटली. एकही बल्ब विझलेला नाही! आम्ही पेढे वाटले.

शर्यत डिसेंबरातली, सकाळची. हवा गार. गार हवा दाट असते, इंजिनाला पेट्रोलही जास्त लागतं. आमचा जेट दुपारच्या तापल्या हवेचा, म्हणजे पेट्रोल कमी पडणार. तिसऱ्या फेरीत, रत्ना चौथ्या नंबरवर असताना, इंजिन तापून पिस्टन जागच्या जागी चिकटला. मागचं चाक जाम. रत्नानं क्लच दाबेपर्यंत गाडी आडवी झाली होती.

गळपट्टीचं हाड मोडलं. नशीब, तेवढंच.

चार दिवसांनी रत्ना हात गळ्यात बांधून गॅरेजवर आला. दामूदादा खाली बसून तो पिस्टन बघत होता. चारी बाजूंनी ओरखडलेला. गायकवाड बल्ब पुसत होता, उगाचच.

रत्ना दामूदादाजवळ बसला. पिस्टन एका हातानं उचलून बघितला, खाली ठेवला.

"दामूदादा," तो म्हणाला, "एक बल्ब कमी चालंल मला!"

दामूदादानं तोंड फिरवलं. मग उठून चहा सांगायला गेला.

* * *

आता रत्नाच्या आईचं. भागाबाई. नवरा लवकर गेलेला, हा एकच पोरगा. हाड मोडून घरी आला तेव्हा तिनं एवढंच सांगितलं, "पुन्ना शर्यत केलीस तर ह्या घरात पाय ठेवायचा नाय." आणि ती नुसती बोलणारी बाई नव्हती.

हाड जुळलं. रत्ना आईला न सांगता पुन्हा घाण्यावर बसायला लागला.

एका दुपारी भागाबाई भाजीची पाटी डोक्यावर घेऊन गॅरेजवर आली. भांडायलाच आली होती, हे चालण्यावरून कळत होतं. आवाजाच्या दिशेनं थेट मागच्या शेडमध्ये. रत्ना गाडीवर वाकलेला, काटा शंभरावर, कानठळ्या बसतायत. गाडी रुळावरून उडू नये म्हणून आम्ही ती पुढून-मागून साखळ्यांनी बांधायचो. तशी बांधलेली होती.

भागाबाई बघत उभी राहिली. रत्नानं तिला बघितलं आणि गाडी बंद केली.

तिनं पाटी खाली ठेवली. गाडीभोवती फिरली. साखळी हातात धरून दोनदा ओढून बघितली.

"ही कायम बांधलेली असते?"

"कायम, मावशी," दामूदादा म्हणाला.

"मंग तवा पडला कसा?"

दामूदादानं फडक्याला हात पुसले. "तवा बांधली नवती."

गायकवाड तोंड उघडणार होता. दामूदादानं त्याच्या पायावर पाय दिला.

"मंग नीट बांधत जा रं," भागाबाई म्हणाली. पाटीतल्या चार काकड्या काढून आमच्या हातात ठेवल्या आणि गेली.

त्यानंतर ती बाजाराच्या दिवशी यायची. साखळी ओढून बघायची, काकडी नाहीतर वालाच्या शेंगा ठेवायची आणि जायची. शर्यतीत गाडी बांधलेली नसते, हे तिला सांगायला हवं, असं आम्ही चौघंही म्हणायचो. सांगायचं कुणी, यावर बोलणं थांबायचं.

शर्यतीचा दिवस आला. आम्ही गाडी टेंपोत घालून पहाटेच निघालो. पट्टीवर पोचलो, गाडी उतरवली. या वेळी जेट सकाळच्या हवेचा होता. झेंडा पडायच्या थोडं आधी मी मागं वळून बघितलं. दोराच्या पलीकडे, लोकांच्या पुढं, भागाबाई खाली बसली होती. मांडीवर कापडी पिशवी. गॅरेजसमोरच्या चहावाल्याला विचारून, दोन एस.टी. बदलून आली होती.

झेंडा पडला. आम्ही तिघांनी तिच्याकडे बघायचं धाडस केलं नाही. रत्ना समोरून जायचा, आवाज यायचा आणि विरायचा. दर फेरीला दामूदादाचे ओठ हलत होते. शेवटच्या फेरीत रत्ना आणि निळ्या शर्टातला एक जण चाकाला चाक लावून आले. निळा शर्ट वीतभर पुढं.

रत्ना गाडी घेऊन आमच्याकडे आला. हेल्मेट काढलं आणि त्याला आई दिसली. त्याचा चेहरा उतरला.

भागाबाई उठली. लुगडं झटकलं. आमच्यापाशी आली आणि पिशवीत हात घालून तिनं आमच्या शेडमधली साखळी बाहेर काढली. दामूदादाच्या हातात ठेवली.

"इसरून आला हुतात."

दामूदादा साखळी हाताला गुंडाळत राहिला. मान वर करेना.

भागाबाई रत्नाकडे वळली. पदरानं त्याच्या तोंडावरचं काळं पुसलं. "कितवा आलास?"

"दुसरा."

भागाबाईनं लांब उभ्या असलेल्या निळ्या शर्टाकडे बघितलं. मग दामूदादाकडे.

"मंग ही त्याला नाय का बांधायची!"