लाईनीपलीकडची म्हैस

आमच्या गावातून रेल्वेची एक लाईन जाते. 'जाते' म्हणायचं आपलं. हडपसरच्या पुढे मुख्य मार्गापासून एक फाटा फुटतो, आमच्या शेतांमधून तीन-चार वळणं घेतो आणि धान्याच्या गोदामाच्या भिंतीपाशी संपतो. त्याच्यावरून माणसांची गाडी कधी गेली नाही. मालगाडी येते, तीही तिच्या मर्जीनं. एखाद्या महिन्यात दोनदा येते, मग दोन-दोन महिने पत्ता नाही. गावाचं गाव पुणे शहरात गेलं, कर शहराचा आला, पाणी मात्र अजून टँकरचं आहे. लाईन तेवढी होती तशी राहिली.

या लाईनीनं आमचं घर दोन भागांत वाटलं आहे. अलीकडे आम्ही, पलीकडे थोरली काकी. माझ्या वडिलांचे थोरले भाऊ गेले तेव्हापासून ती तिकडे एकटी राहते, दोन म्हशींना घेऊन. माझी आई तिची धाकटी जाऊ. आमच्या भावकीत रीत अशी की धाकटीनं थोरलीकडे जायचं, थोरलीनं धाकटीच्या दारी यायचं ते लग्नाकार्याला किंवा मयताला. त्यामुळे आई रोज संध्याकाळी लाईन ओलांडून तिकडे जाते. काकी इकडे आल्याचं मला माझ्या लग्नातलंच आठवतं, आणि तेव्हाही ती जेवण करून लगेच निघाली होती.

आईचं जाणं नुसतं मानापानाचं नाही. काकीच्या दोन म्हशींपैकी एक मोठी नखरेल आहे. काकी धारेला बसली की ती पान्हा चोरते. आईनं शेजारी उभं राहून तिच्या मानेवरून हात फिरवायचा आणि तिच्याशी बोलायचं, मग ती दूध सोडते. बोलायचं म्हणजे काय, तर दिवसभरातल्या घरच्या कागाळ्या. माझ्या बायकोच्या स्वयंपाकाबद्दल आईचं खरं मत आमच्या घरात कोणाला ठाऊक नाही, त्या म्हशीला आहे. दुसऱ्या कोणाचा आवाज तिला चालत नाही. मी एकदा प्रयत्न केला होता, तिनं लाथ झाडली.

दीड-दोन वर्षांपूर्वी बातमी आली की लाईन बंद होणार. गोदामाचा माल आता ट्रकनं येतो, मग लाईन कशाला पोसायची? रूळ उचलायचे आणि त्या पट्ट्यात रुंद रस्ता करायचा. नव्या सोसायट्यांमध्ये आनंदीआनंद झाला. आईला मात्र घोर लागला. लाईन ओलांडणं म्हणजे पुण्यातलं सगळ्यात सोपं काम. डावीकडे बघायचं, उजवीकडे बघायचं, गाडी येत नसतेच, चालू लागायचं. येणार असली तर फाटकवाला आधी फाटक लावतो, वर ओरडूनही सांगतो. रस्त्याचं तसं नाही. रुंद रस्ता झाला, मधे दुभाजक आला, की सत्तरी ओलांडलेल्या बाईनं पलीकडे जायचं कसं?

"मग म्हस इकून टाकते," काकी म्हणाली. "दोन्हीबी. एक ठिवून काय करू?" एवढं बोलून ती वैरण टाकायला उठली. काकी रडणारी नाही, पण त्या दिवसापासून ती आईशी म्हशींबद्दल बोलेनाशी झाली.

मग एके दिवशी फाटकाजवळ छत्री लावून दोन पोरं बसली. वर्दळ मोजायला आली होती. कोण जातं, कशानं जातं, सगळं टॅबवर टिपत होती. गावात लगेच पारावर बैठक भरली. ठरलं असं की लाईन वाचवायची तर इथं किती माणसांचा राबता आहे ते सरकारला दिसलं पाहिजे. ही थोर कल्पना कोणाची यावर आजही वाद आहे. लाईन वाचली असती तर चार दावेदार निघाले असते, आता एकही निघत नाही.

दुसऱ्या दिवशी गावानं लाईन ओलांडायला सुरुवात केली. ट्रॅक्टर पलीकडे गेले आणि वळसा घेऊन परत आले. भजनी मंडळ टाळ-मृदंगासह गेलं, तिकडे चहा प्यालं, इकडे परतलं. जावळ काढायचं बाळ, मारुतीचा नारळ, बिनकामाचे चुलते, सगळे गेले. फाटकवाला कपाळाला हात लावून बसला. आईनं तर हद्दच केली. सकाळपासून डोक्यावर रिकामी पाटी घेऊन ती इतक्या वेळा गेली-आली की त्यातल्या एका पोरानं शेवटी तिला पाणी दिलं आणि "आज्जी, बसा जरा" म्हणाला. आई म्हणाली, "बसून कसं चालंल बाबा, रोजचंच काम हाय." रात्री पाय चोळून घेताना ती खूश होती. आम्ही सगळेच खूश होतो.

आमच्या शेजारच्या सोसायटीत सदाशिव पेठेतून राहायला आलेले एक निवृत्त गृहस्थ आहेत. रोज फाटकापर्यंत फिरायला येतात. त्यांनी हा सोहळा पूर्ण पाहिला आणि मला थांबवून म्हणाले, "अहो, अभिनंदन. आपण सर्वांनी मिळून रस्ता मंजूर करून घेतलात."

मला काही कळेना. "म्हणजे?"

"इतकी माणसं आणि वाहनं रोज रुळांमुळे अडत असतील, तर रूळ काढून इथे रस्ताच हवा, नाही का? मोजणी रस्त्यासाठीच होती. आपण विचारलं नसेल."

आम्ही खरंच विचारलं नव्हतं. पुढचे काही दिवस गावात कोणी कोणाच्या नजरेला नजर देत नव्हतं. भजनी मंडळानं तर एका गुरुवारी सुट्टी घेतली.

ही गोष्ट काकीच्या कानावर गेली आणि तिनं म्हशींच्या व्यापाऱ्याला निरोप धाडला. आई ते ऐकून आली, जेवली नाही, आणि दुसऱ्या दिवशी रविवार होता तर सकाळीच इस्त्रीचं लुगडं नेसून माझ्यासमोर उभी राहिली.

"मला सोलापूर रोडला ने."

"कशाला?"

"रस्ता वलांडायला शिकायचं हाय."

मी हसलो. ती हसली नाही, म्हणून मी गाडी काढली.

सोलापूर रोडला आम्ही कडेला उभे राहिलो. मी तिचा हात धरला, म्हणजे तिनं माझा धरला. एक ट्रक गेला, मागून बस, मग रिक्षांचा थवा. जरा फट दिसली की ती एक पाऊल टाकायची आणि तेवढ्यात मागे घ्यायची. उलट्या बाजूनं येणारा एक मोटारसायकलवाला आमच्यावर खेकसला, "ओ मावशी, मरायचंय का?" आई म्हणाली, "तुज्या आधी न्हाई." तो गेला, पण तिनं पुन्हा पाऊल टाकलं नाही. आम्ही बराच वेळ उभे होतो. शेवटी अलीकडच्याच गुऱ्हाळात उसाचा रस प्यालो. रस पिताना ती रस्त्याकडे पाठ करून बसली. मला फार वाईट वाटलं. या बाईला मी कशाला घाबरताना कधी पाहिलं नव्हतं.

परतल्यावर ती घरी न येता थेट लाईन ओलांडून काकीकडे गेली. मी मागोमाग. काकी गोठ्यात शेण भरत होती.

"बाई," आई म्हणाली, "त्या व्यापाऱ्याला येऊ नको म्हनून सांगा. जमतंय मला. सोलापूर रोड तीनदा वलांडला आज."

काकीनं माझ्याकडे पाहिलं. "खरं का रं?"

"तीनदा," मी म्हणालो. "दुभाजकावरसुद्धा चढली."

हे 'दुभाजकावर' मी कशाला घातलं ते मला माहीत नाही. आईनं माझ्याकडे असं पाहिलं की जास्त शहाणपणा नको. संध्याकाळी काकीचा व्यापाऱ्याला नाही म्हणून फोन गेला. म्हशीनं त्या दिवशी दूधही भरपूर दिलं.

लाईनीचं अजून काही ठरलेलं नाही. मधेच एक मालगाडी येऊन गेली, तेव्हा गाव पुन्हा आशेवर आलं. मग मोजमापवाले येऊन खुणा मारून गेले, तेव्हा आशा सोडली. हे असंच चाललं आहे, आणि आता आम्हाला त्याची सवय झाली आहे.

पण गेल्या आठवड्यात मी काकीकडे पेंडीचं पोतं टाकायला गेलो, तेव्हा तिनं मला गोठ्यामागे नेलं. आजूबाजूला कोणी नाही असं पाहून हळूच म्हणाली, "मला ने की रविवारी सोलापूर रोडला."

"तुला कशाला, काकी? आई येतेच की."

"तुज्या आईला जमल्यालं न्हाई," काकी म्हणाली. "मला काय कळत न्हाई व्हय? लगीन होऊन आली तवापास्नं बगते तिला. भ्याली की जास्त बोलती. आन् तू बी तिच्यावानीच." ती पुढे म्हणाली, "मी शिकते. मंग मी यीन तिला न्यायला. हात धरून आनीन आन् हात धरून सोडीन."

"काकी, थोरलीनं धाकटीच्या दारी यायचं?"

"रोज यायचं," काकी म्हणाली. "तिला मातर सांगू नगंस."