फटकी स्ट्रॉबेरी

मी उपटलेलं झाड हमखास चांगलं निघतं, असा आमच्या घरात समज आहे. तो कसा पडला ते सांगतो.

मी नंदुरबारचा मिरचीवाला. मिरची वाळत घालायच्या उघड्या मैदानाला आम्ही पथारी म्हणतो. तिथे लाल रंगाकडे बघण्यात माझा जन्म गेला. ढिगात रंग उडालेली, पांढरट मिरची दिसली की ती फटकी. ती उचलायची आणि बाजूला फेकायची. हाताला ही सवय इतकी जडली आहे की लग्नाच्या पंगतीत मी फिकट जिलब्याही वेचून बाजूला काढतो. (एकदा त्या व्याह्यांच्या ताटातल्या होत्या.)

गेल्या उन्हाळ्यात मी आणि बायको, शोभा, हिमालयात यात्रेला गेलो. पायवाटेच्या कडेला तिला रानस्ट्रॉबेरी सापडली. करंगळीच्या नखाएवढी! तिने ती तोंडात टाकली आणि डोळेच मिटले.

"काय वास शे ओ!"

लगेच चार रोपं मुळासकट ओल्या रुमालात. मग मी कसा मागे राहणार? धर्मशाळेच्या मागे मला अगदी तश्शीच रोपं दिसली. तीच तीन-तीन पानं, तेच दातेरी काठ. मीही उपटली. फळ काही चाखलं नाही. (मोरीजवळ उगवलं होतं.)

घरी मागच्या अंगणात तेलाच्या डब्यांत दोघांचीही रोपं लागली. पानांवरून कुणाचं कोणतं, देव जाणे! हिवाळ्यात फुलं आली तेव्हा फरक कळला. तिची पांढरी, माझी पिवळी.

"तुम्हना झाडले पिवळं फूल कसं काय ओ?"

"जात येगळी शे. भारी शे," मी म्हणालो. माहीत नसलेल्या मालाबद्दल व्यापारी हेच बोलतो.

इकडे सुरतेला आमच्या लेकीला, कल्याणीला, सातवा महिना लागला. अन्नाची वासना गेली होती बिचारीची. डोहाळा एकच. आईने फोनवर जिचं वर्णन केलं होतं, ती वासाची स्ट्रॉबेरी! जावयांनी सुरतचा बाजार पालथा घातला. मोठमोठी फळं आणली. ती हुंगायची आणि म्हणायची, "हाई नही."

शोभा तिला डोहाळजेवणासाठी आणायला सुरतेला निघाली. गाडीत चढताना मला म्हणाली, "दखा, डबास्ले फक्त पानी टाका. अक्कल टाकू नका."

पाणी टाकलं. मग नीट बघितलं. माझ्या झाडांची फळं आभाळाकडे तोंड करून ताठ उभी होती, लालभडक, चकचकीत. असा माल पथारीवर आला तर बोली लागायच्या आधीच उचलला जाईल! आणि शोभाची फळं? पानाखाली मान खाली घालून लटकलेली, एका अंगाने पांढरट.

फटकी!

पुढचं मी केलं नाही, हाताने केलं. शोभाची सगळी रोपं उपटली आणि भिंतीपलीकडे फेकली. तिथे शेजारच्या सुमनमामींची बकरी, राणी, उभी होती. तिने पानं, फळं, मुळं, सगळं फस्त केलं आणि आणखी आहे का म्हणून माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, बकरीच ती, काहीही खाते.

शोभा लेकीला घेऊन रात्री उशिरा परतली आणि डोहाळजेवणाचा दिवस उजाडला. पहाटेपासून शोभा स्वयंपाकात, त्यामुळे मागच्या अंगणात कुणी फिरकलंच नाही. सुरतेहून विहीणबाई आल्या. हिरवी साडी, फुलांच्या वेण्या, ओटी, सगळं झालं. मग मी चांदीच्या वाटीत माझी फळं घेऊन आलो, नवरदेवाच्या थाटात!

कल्याणीने फळ हुंगलं. तोंडात टाकलं. चावलं. पुन्हा चावलं.

"आबा, हाई पानी शे का?"

विहीणबाईंनी एक घेतलं. सोयऱ्यांकडे आलेल्या माणसाला खरं बोलता येत नाही. "थंड शे, व्याही. पोटले बरं."

शोभाने एक चाखलं आणि वाटी खाली ठेवली. "ओ कल्याणीना बाप. मन्हा डबा कोठे शेत?"

"तठेच शेत."

"आनि झाडं?"

"...फटकी व्हतीत."

तेवढ्यात सुमनमामी, कुणी न विचारता, म्हणाल्या, "तरीच! राणीना दूधले परवा काय भारी वास ये!"

बायका पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. पण कल्याणी हसली नाही. तिचे डोळे भरून आले होते. आयुष्यात पहिल्यांदा मला मिरचीशिवाय ठसका लागला.

शोभा तडक मागच्या अंगणात गेली. मीही गेलो, पण अंतर ठेवून. रिकाम्या डब्याच्या मागे एक धुमारा भिंतीला धरून खाली उतरला होता आणि पाण्याच्या टाकीशेजारी विटांच्या फटीत रुजला होता. त्याच्या पानाखाली एक फळ. एकच! लटकलेलं, एका अंगाने पांढरट. माझा हात वळवळला. शोभाने तो वरच्यावर धरला.

कल्याणीने फळ हुंगलं, तोंडात टाकलं आणि हुबेहूब आईसारखे डोळे मिटले.

"आबा, हाईच!" डोळे मिटूनच ती हसली. मग तिने वरण मागितलं, भात मागितला, वर पुरणपोळी मागितली. विहीणबाई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "जाऊ द्या व्याही, पोरगी जेवनी."

उरलेली वाटी मी गुपचूप राणीपुढे धरली. तिने वास घेतला, माझ्याकडे बघितलं आणि तोंड फिरवलं.

दुसऱ्या दिवशी पथारीवर नव्या मालाचा ढीग पडला होता. मी दिवाणजींना म्हणालो, "आज माझ्या नजरेवर जाऊ नका. वाटल्यास सुमनमामींची बकरी बोलवा."

दिवाणजी संकोचून म्हणाले, "शेठ, वहिनीनी सकायलेच धाडी दिन्ही."

वजनकाट्यापाशी राणी उभी होती. माझ्याच खुर्चीला बांधलेली.